कसून शोधता येतं, कसून सापडत नाही

‘पोलिसांनी आरोपीचा कसून शोध घेतला.’ बातम्यांतलं हे वाक्य इतकं ओळखीचं, की त्यातल्या ‘कसून’कडे कुणाचं लक्षही जात नाही. आता ‘पोलिसांना आरोपी कसून सापडला’ असं म्हणून पाहा. व्याकरणाचं पुस्तक न उघडलेलं पोरही हसेल. खेळाडू कसून सराव करतो, कसून जिंकत नाही. विद्यार्थी कसून अभ्यास करतो, कसून पास होत नाही. पाऊस कितीही कोसळला तरी तो कसून पडत नाही. माणसानं ठरवून, जोर लावून करायच्या कामालाच हे क्रियाविशेषण चिकटतं. फळाला ते शिवतही नाही. हा नियम आपल्याला कुणी शिकवला नाही, तरी आपण तो कधी मोडत नाही!

हा ताण शब्दात आला कुठून? मूळ क्रियापद ‘कसणे’, म्हणजे ओढून घट्ट करणे. दोर कसतात, कंबर कसतात आणि जमीनही कसतात. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेत तर या क्रियापदानं मालकी हक्काची भाषा केली. मुंबई राज्याच्या १९४८च्या कुळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि काही अपवाद वगळता जमीन स्वतः कसणारी कुळं त्या दिवशी तिची खरेदीदार मानली गेली.

‘कसून’चं शेपूट, म्हणजे ‘ऊन’, याहून कितीतरी जुनं. संस्कृतातलं ‘कृत्वा’ महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ होतं, ‘दृष्ट्वा’चं ‘दट्ठूण’. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत अशी रूपं जागोजागी भेटतात. आपण ‘करून’, ‘जाऊन’, ‘बसून’ म्हणतो तेव्हा तोच प्रत्यय तोंडी असतो. एरवी तो ‘आधी हे, मग ते’ असा क्रम सांगतो: जेवून निघालो. ‘दोर कसून गाठ मारली’ यातही आधी कसणं, मग गाठ. पण ‘कसून चौकशी’ म्हणताना काय कसलं, असं कुणी विचारत नाही. दोर गळून पडला, क्रमही गेला, उरला तो फक्त ताण. क्रियापदाचं क्रियाविशेषण झालं ते असं.

नकारात तर आणखी गंमत आहे. ‘चौकशी केली नाही’ म्हणजे चौकशी झालीच नाही. ‘कसून चौकशी केली नाही’ म्हटलं, की चौकशी झाली खरी, पण वरवरची, असा अर्थ निघतो. नकार क्रियापदाला सोडून थेट ‘कसून’लाच जाऊन भिडतो.

शेजारच्या शब्दांची कामंही वाटलेली आहेत. दिवसेंदिवस न थकता चालतं ते नेटानं; हरायची वेळ आली असताना लढतात ते निकरानं; नियम पाळतात ते कसोशीनं. मन लावून पुस्तक वाचता येतं, पण मन लावून झडती घेतली तर ऐकणाऱ्याला भलतीच शंका येईल.

आणि ‘कसून’ला जिथे मज्जाव, तिथे त्याच ‘ऊन’चा दुसरा शब्द बिनधास्त शिरतो: चुकून. एखादा चुकून जिंकतो, चुकून पास होतो. ‘चुकून अभ्यास केला’ म्हटलं, की मात्र ती थट्टा होते.