चालण्याने आयुष्य वाढतं का?

नरखेड तालुक्यात ज्येष्ठांच्या व्यायामावर बोलायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, जन्मभर वावरात राबलो, आता आणखी कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक प्रश्न, जो तत्त्वज्ञानाच्या माणसाला सुचतो. चालणारा माणूस जास्त जगतो, की ज्याची प्रकृती मुळातच चांगली आहे, तोच म्हातारपणी चालू शकतो?

उदाहरणं आपल्या जवळची आहेत. विनोबा शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून १९५१ साली पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. भूदानासाठी १३ वर्षं चालले आणि ८७व्या वर्षी गेले. महर्षी कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात पायी जात. ते १०४ वर्षं जगले. ऐकायला छान वाटतं. पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. भरपूर चालूनही लवकर गेलेल्यांची आठवण अशा वेळी कोणी काढत नाही.

म्हणून मोजमाप करावं लागतं. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढतोय. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं, की हृदयविकार कंडक्टरांना कमी होतो. झालं, सिद्ध झालं? नाही. पुढे त्याच मॉरिसनी दोघांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा. म्हणजे फरक थोडाफार आधीपासूनच असू शकतो! आपल्याच निष्कर्षावर शंका घेणारा माणूस मला फार आवडतो.

या शंकेवर उपाय एकच. चिठ्ठ्या टाकाव्या तसे लोकांचे गट पाडायचे आणि वाट पाहायची. नॉर्वेत सत्तरी ओलांडलेल्या दीड हजारांवर लोकांवर असा प्रयोग पाच वर्षं चालला. निकाल २०२० मध्ये आला. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली व्यायाम करणारे आणि नेहमीचा सल्ला मिळालेले, या दोन गटांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातलेही बरेच हालचाल करत होते, हे खरं. तरीही, 'चाला म्हणजे शंभरी गाठाल' अशी हमी मी इथून देणार नाही.

मग चालायचं कशाला? याचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात आहे. ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सगळे बसून राहणारे. निम्म्यांना चालणं, ताकद आणि तोल यांचा व्यायाम दिला. निम्म्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. (हसू नका, व्याख्यानंसुद्धा लागतात.) सुमारे अडीच वर्षांनी चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावलेले लोक व्याख्यानवाल्यांत शंभरात ३५ च्या आसपास होते आणि व्यायामवाल्यांत ३० च्या आसपास. वर्षांची हमी नाही, पण पायांच्या बाजूने पुरावा आहे. चारशे मीटर म्हणजे किती? घरून दवाखाना, देऊळ, बसस्टँड. म्हणजे कोणाला न विचारता बाहेर पडता येणं. मला विचाराल तर म्हातारपणाचा खरा प्रश्न 'किती वर्षं' हा नाहीच. 'कोणाच्या आधारावर' हा आहे.

आता वावरातल्या राबण्याविषयी. ते काम व्यायामच होतं, शंका नाही. पण व्यायामाची एफडी काढता येत नाही. साठीनंतर स्नायू वेगाने झिजतात, आणि बसून राहिलं की आणखी वेगाने. आपल्याकडे काय होतं? संत्र्याची बाग मुलाच्या हाती जाते आणि मुलगा प्रेमाने म्हणतो, "बाबा, आता तुम्ही बसा." बाबा बसतात. दोन वर्षांत उठताना खाटेचा आधार लागतो. यात कोणाचं वाईट मन नाही. आदर करायची आपली रीतच तशी आहे.

गेलेली ताकद परत येते का? येते. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली.

करायचं एवढंच. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने चाला. दहा हजार पावलांची धास्ती घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. साठीनंतर सहा ते आठ हजारांपुढे फारसा जादा फायदा दिसलेला नाही, आणि त्याहून कमी चाललात तरी बसण्यापेक्षा बरंच. आठवड्यातून तीन दिवस हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, भिंतीजवळ एका पायावर उभे राहा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढायच्या आत घरी या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि इथे बसलेल्या मुला-सुनांना एक विनंती. बाबांना 'बसा' म्हणू नका. 'चला, धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ' म्हणा. आईलाही म्हणा.