दाभोळची शाही मशीद : संगणकाची नोंद आणि माणसाची नजर

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर दाभोळ वसले आहे. बहामनी व आदिलशाही राजवटींत हे पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने ते जाळून बेचिराख केले. त्यातून पुन्हा सावरलेल्या दाभोळच्या वैभवाची साक्ष आज देते ती खाडीकाठची शाही मशीद. मक्केच्या यात्रेचा बेत रहित झालेल्या विजापूरच्या राजकन्येने, प्रवासासाठी आणलेल्या द्रव्यातून ती बांधविली, अशी आख्यायिका आहे. चार मिनार आणि भव्य घुमट असलेली ही वास्तू विजापुरी शैलीची कोकणातील दुर्मीळ खूण होय.

शत्रू बदलला

किनाऱ्यावरील अशा वास्तूंना आज भय आहे ते ओलाव्याचे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खारा ओलावा दगडाच्या रंध्रांत शिरतो. पाणी वाळले की आत क्षारांचे स्फटिक बनतात आणि त्यांच्या दाबाने दगडाचे पापुद्रे सुटतात. फटीत पिंपळ रुजतो. ही झीज इतकी सावकाश होते की, नित्य पाहणाऱ्यासही ती जाणवत नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारखे संकट आले म्हणजे पूर्वस्थिती कशी होती, हेच सांगता येत नाही.

छायाचित्रातून मोजमाप

या ठिकाणी संगणक उपयोगी पडतो. एकाच भागाची निरनिराळ्या जागांवरून, परस्परांत मिसळणारी छायाचित्रे घेतली असता संगणक प्रत्येक बिंदूचे स्थान काढून वास्तूची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो. या विद्येचे मूळ जुने आहे. १८५८ साली जर्मनीतील वेट्झलार येथे चर्चची मापे घेताना मायडेनबाउअर हा तरुण उंचावरून पडता पडता वाचला आणि छायाचित्रावरून मापे घेण्याची कल्पना त्याला सुचली. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची लेसर किरणांनी २०१० साली घेतलेली मापे, १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर जीर्णोद्धारास साह्यभूत ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा खुले झाले.

निर्णय माणसाचा

तथापि यंत्र केवळ फरक दाखविते. तो फरक म्हणजे शेवाळाचा डाग की रुंदावणारी भेग, हे जाणकारानेच ठरवावयाचे असते. भेग दिसताच ती सिमेंटने बुजविणे घातक ठरते. कारण चुन्याच्या बांधकामातील ओल सिमेंटमुळे आत कोंडून राहते.

गावकऱ्यांनाही या कामी हातभार लावता येईल. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, ठरावीक जागी उभे राहून, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह मोबाईलवर छायाचित्रे घ्यावीत. ती जपून ठेवावीत आणि बदल दिसताच पुरातत्त्व विभागाला कळवावे. मात्र झाड उपटणे वा भेग बुजविणे हे काम स्वतः करू नये. वर्षातून दोनदा जागरूकपणे पाहणारी नजर लाभली, तर वास्तूचे दुखणे वेळीच ध्यानी येईल आणि उपचारही वेळीच होतील.