चार सेकंदांची रोजकीर्द

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजले असतील. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयावर लेख टाइप करत होते. १८६४ साली निघालेलं वाचनालय, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि हात भराभर चालत होता. तेवढ्यात पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला. टाळेबंदीमुळे अर्धं शहर घरूनच काम करत होतं. जिन्यात आवाज सुरू झाले, "तुमच्याकडेही गेली का?"

सगळीकडेच गेली होती. खाडीपलीकडच्या कळव्यापासून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या जातात. तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं त्याप्रमाणे, त्यातल्या एका वाहिनीचं देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार दुसरीवर होता आणि नेमका दुसरीत बिघाड झाला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद पडली. लोकल होत्या तिथे रुळांवर थांबल्या.

मी मात्र तेवढ्या वेळात एकाच गोष्टीचा विचार करत होते. गेल्या वीस-पंचवीस मिनिटांत मी एकदाही फाइल सेव्ह केली नव्हती.

पडद्यावर दिसणारं अक्षर कुठे असतं, हे आधी बघू. आपण टाइप करतो ते सगळं आधी मेमरीत जातं. तिथली प्रत्येक नोंद म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला चिमूटभर विद्युतभार. हा भार सतत गळत असतो. म्हणून संगणक साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी प्रत्येक नोंद वाचून पुन्हा भरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा. तुम्ही 'क' लिहून चहाला उठलात तरी तो 'क' आपोआप टिकत नाही. चहा होईपर्यंत तो हजारो वेळा नव्याने लिहिला गेलेला असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पडद्यावरच्या साध्या मजकुराकडेही मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. आणि भार असा सतत भरावा लागतो, म्हणूनच वीज गेली की तो मजकूर बघता बघता पुसला जातो.

दिवे आले. संगणक सुरू केला, माझ्या व्हिम नावाच्या संपादकात लेख उघडायला गेले, तर लेखाऐवजी एक सूचनाच समोर आली. क्रमांक ई-३२५, सुरुवातीचा शब्द 'अटेन्शन'. खाली बारीक तपशील: अमुक नावाची स्वॅप फाइल सापडली आहे, ती अमुक वापरकर्त्याची आहे, अमुक वाजता शेवटची लिहिली, अमुक यंत्रावर, अमुक क्रमांकाच्या प्रोसेसने, आणि 'मॉडिफाइड: येस'. पोलीस पंचनाम्यात असावा तसा सगळा मजकूर. त्यातली वेळ होती सकाळी दहाची.

ही स्वॅप फाइल म्हणजे काय? व्हिममध्ये फाइल उघडली की तिच्याच शेजारी दुसरी एक फाइल तयार होते. नाव तेच, फक्त आधी एक टिंब आणि शेवटी 'डॉट एसडब्ल्यूपी'. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे टिंबाने सुरू होणारी फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही. तुम्ही लिहीत असता तेव्हा बदललेला मजकूर या फाइलीत उतरत राहतो. तुम्ही नीट सेव्ह करून बाहेर पडलात की व्हिम तिला पुसून टाकतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर ही फाइल होती हे तुम्हाला कधी कळतही नाही. ती उरली, याचाच अर्थ तिच्या मालकाला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही.

जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असायच्या. घडेल तसा व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायचा. खतावणी अर्धी राहिली तरी कीर्द शाबूत असेल, तर हिशेब पुन्हा उभा करता येतो. स्वॅप फाइल ही लेखाची कीर्द. बँकांचे डेटाबेस आणि आपल्या डिस्कची फाइल-व्यवस्थासुद्धा आज याच युक्तीवर चालतात, आणि तिथेही तिला 'जर्नल' म्हणजे रोजकीर्दच म्हणतात.

पण कीर्दीत उतरवायचं कधी? माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हा आहे. प्रत्येक अक्षरागणिक डिस्कवर लिहिलं तर काम रेंगाळेल, आणि फार उशिरा लिहिलं तर उपयोग काय? व्हिमचा मूळ नियम दोन आकड्यांचा आहे: २०० अक्षरं टाइप झाली की लिहायचं, किंवा ४ सेकंद कुणी काही टाइप केलं नाही की लिहायचं. म्हणजे तुम्ही पुढच्या वाक्याचा विचार करायला थांबता, खिडकीबाहेर बघता, तेव्हा तो लिहून घेतो. माणसाच्या विचाराची उसंत हीच त्याची कामाची वेळ. कुणीतरी आपल्या लिहिण्याची लय ओळखून हे आकडे ठरवले आहेत, असं वाटतं.

त्यातही एक मेख आहे. प्रोग्रॅमने 'लिहा' म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम 'लिहिलं' म्हणते, पण प्रत्यक्षात मजकूर काही वेळ स्वतःच्याच मेमरीत धरून ठेवते, कारण डिस्क मंद. त्या क्षणी वीज गेली तर 'लिहिलेलं'ही जातं. म्हणून स्वॅप फाइल लिहिल्यावर व्हिमला सिस्टिमकडे वेगळा आग्रह धरता येतो, की हे खरोखर डिस्कवर उतरव आणि मगच हो म्हण. त्या आदेशाचं नाव एफसिंक.

ही कल्पना अभावातून जन्मली. बर्कलीमध्ये १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी व्हीआय हा संपादक लिहिला, तेव्हा मेमरी इतकी तुटपुंजी होती की मोठी फाइल तिच्यात मावायचीच नाही. मजकूर तात्पुरत्या फाइलीत ठेवायचा आणि लागेल तेवढा तुकडा वर आणायचा. आणि मजकूर डिस्कवर आहेच म्हटल्यावर अपघातानंतर तो परत का मिळू नये? टेलिफोनच्या तारेवरून टर्मिनल जोडलेलं असायचं आणि लाइन मध्येच तुटायची. अशा वेळी यंत्र तो मजकूर वेगळा सांभाळून ठेवी आणि वापरकर्त्याला टपाल धाडी, की तुमची फाइल वाचवली आहे, अशी परत मिळवा. पुन्हा लॉगइन केल्यावर आपल्याच अर्ध्या लेखाबद्दल यंत्राचं पत्र आलेलं पाहणाऱ्याला काय वाटलं असेल!

व्हीआयच्या वाटेवरून पुढे ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम बाहेर आणला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले, तोपर्यंत ते त्यावर काम करत होते. व्हिम फुकट आहे. पटलं तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांना मदत करा, एवढंच तो उघडताना सांगतो.

आपल्याकडे ही गरज वेगळ्या कारणाने ओळखीची होती. २००५ नंतरची काही वर्षं, भारनियमनाची. मुंबई शहरात दिवे लखलखत असायचे आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज आपली पाळी किती वाजता, हे वर्तमानपत्रात शोधावं लागायचं. डोंबिवलीत फडके रोडच्या मागे माझ्या एका मित्राचं डीटीपीचं काम चालायचं. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, सगळं पेजमेकरवर. पेजमेकर पान बदललं की स्वतःहून एक छोटी नोंद करायचा, तिला मिनी-सेव्ह म्हणत. शिफ्ट दाबून 'रिव्हर्ट' केलं की त्या नोंदीपर्यंत मागे जाता यायचं. तिथल्या मुलांना सवयच लागली होती, मोठं काम झालं की उगाच पुढच्या पानावर जाऊन परत यायचं. ही युक्ती मुलं एकमेकांना शिकवत.

वर्डही हेच करतो, फक्त घड्याळ लावून. मूळ मांडणीत दर १० मिनिटांनी तो 'एएसडी' शेपटीची एक फाइल आत कुठेतरी ठेवतो आणि नीट बंद केलात की काढून टाकतो. शिवाय उघड्या फाइलीशेजारी लहानशी, १६२ बाइटांची, नावाआधी लाटेचं आणि डॉलरचं चिन्ह असलेली फाइल दिसते. तिच्यात मजकूर नसतो, फाइल कुणी उघडली आहे त्याचं नाव असतं. पेनड्राइव्हवर ती मागे राहिली की लोक व्हायरस समजून घाबरतात. घाबरू नये. इमॅक्स या दुसऱ्या संपादकात हिशेब ३०० कळांचा असतो, आणि नावाच्या दोन्ही बाजूंना हॅशचं चिन्ह लागतं.

ई-३२५ समोर आली की काय करायचं? आधी तो प्रोसेस क्रमांक पाहायचा. तो प्रोसेस अजून चालू असेल, तर अपघात झालेलाच नाही: हीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे, मुकाट्याने बाहेर पडावं. दोन्हीकडून लिहिलंत तर शेवटी सेव्ह करणारा दुसऱ्याचं पुसेल. प्रोसेस मेलेला असेल तर 'रिकव्हर' म्हणायचं. इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: स्वॅप फाइलीत सहसा पूर्ण लेख नसतो, बदललेले तुकडे असतात, आणि न बदललेला भाग व्हिम मूळ फाइलीतून घेतो. म्हणून दोन्ही हव्यात. घाबरून मूळ फाइलीवर काहीतरी लिहून ठेवलंत तर कीर्द राहते आणि खातं जातं. परत मिळालेला मजकूर वेगळ्या नावाने ठेवावा, मूळ फाइलीशी ताडून पाहावा. एखादा तुकडा सापडलाच नाही तर व्हिम तिथे तीन प्रश्नचिन्हं टाकून 'ओळी गहाळ' असं स्पष्ट लिहितो, मधली जागा गुपचूप सांधत नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आणि शेवटी स्वॅप फाइल आपल्या हाताने पुसायची. परत मिळवलं म्हणून ती आपोआप जात नाही. ती राहिली तर पुढची फाइल 'एसडब्ल्यूओ' होते, त्यापुढची 'एसडब्ल्यूएन', अशी वर्णमाला उलटी मोजत जाते. कुणाच्या फोल्डरात 'एसडब्ल्यूएल' दिसली तर ओळखावं, इथे बऱ्याच वेळा दिवे गेले आणि कुणी आवरलं नाही. वेबसाइटच्या उघड्या फोल्डरात तर ती मुळीच राहू देऊ नये, पासवर्ड असलेल्या फाइलीची स्वॅप फाइल कुणीही उतरवून घेऊ शकतो.

त्या दिवशी मी 'रिकव्हर' म्हटलं आणि लेख आला. वीस-पंचवीस मिनिटांचा जवळजवळ सगळा. मी शेवटच्या ओळीवर गेले. वाक्य मध्येच तुटलं होतं आणि शेवटचा शब्द होता 'प्रश्'. पाय मोडलेला श, पुढे काही नाही.

'प्रश्न' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. संगणकाला तो सहा चिन्हांचा असतो: प, हलन्त, र, श, हलन्त, न. प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे एकूण अठरा बाइट. ही यूटीएफ-८ नावाची रचना केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. तिची खुबी अशी, की देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४ च असतो आणि मधला-शेवटचा बाइट कधीच तसा दिसत नाही. मजकूर कुठेही फाटला तरी पुढचं चिन्ह कुठे सुरू होतं ते लगेच ओळखता येतं. एखादा तुकडा तुटला म्हणून पुढची ओळ किडामुंगी होत नाही.

माझ्या मजकुराची एकही कड फाटली नव्हती. दोनशेवी कळ बहुधा त्या हलन्तावर पडली असावी आणि त्याच क्षणी कीर्दीत नोंद झाली. त्यानंतर मी काय लिहिलं होतं, 'न' आणि आणखी कदाचित चार-पाच शब्द, ते कळव्या-पडघ्याच्या वाहिनीबरोबर गेलं. पुष्कळ वेळ आठवून पाहिलं, आठवलं नाही. मग मोडलेल्या पायापुढे 'न' लावला आणि वाक्य दुसऱ्याच दिशेने पुढे नेलं.