यादीमागची माणसं

16 मे ते 15 जुलै 2023 या दोन महिन्यांत जीएसटीच्या बनावट नोंदण्या शोधण्यासाठी केंद्र आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांनी देशभर मोहीम काढली. नोंदणी आहे, पण दिलेल्या पत्त्यावर व्यवसायच नाही, अशा 21,791 फर्म सापडल्या. संशयित करचुकवेगिरीचा आकडा 24,010 कोटी रुपयांवर गेला. श्रेय मिळालं ते पत्ते धुंडाळत फिरलेल्या पथकांना, आणि ते योग्यच होतं. पण कोणतं दार ठोठावायचं हे पथक निघण्याआधी ठरलं होतं. विवरणपत्रं, नोंदण्या आणि मालवाहतुकीची ई-वे बिलं चाळून संशयास्पद क्रमांकांच्या याद्या तयार करणारी माणसं त्यामागे होती. करखात्यातलं हे काम अजून कारकुनीच्या आणि कॉम्प्युटरच्या मधे कुठेतरी लोंबकळतं आहे. त्याला स्वतंत्र करिअरचा दर्जा मिळायला हवा, कारण यादी चुकली तर भुर्दंड प्रामाणिक व्यापाऱ्यालाच बसतो.

काम जवळून पाहिलं की त्यातला बारकावा कळतो. समजा, एका फर्मची नोंद समोर आहे. नोंदणी होऊन जेमतेम दोन महिने झालेत. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि वीजबिल जोडलेलं आहे. जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात पहिल्याच महिन्यात कोट्यवधींची विक्री दाखवली आहे. जीएसटीआर-3बी या करभरण्याच्या विवरणपत्रात कर भरलेला दिसतो, पण सगळा खरेदीवरच्या कराच्या इनपुट क्रेडिटमधून. रोख जवळपास शून्य. ज्यांच्याकडून खरेदी दाखवली त्या फर्मही अशाच नव्या कोऱ्या. मग ई-वे बिलं काढायची. गाडीचा नंबर वाहननोंदणीशी ताडला तर ट्रकऐवजी दुचाकी निघते. 2021 पासून फास्टॅगची माहितीही ई-वे बिलाशी जोडलेली आहे. ती पाहिली तर त्या मार्गावरच्या एकाही टोलनाक्यावर गाडीची नोंद नसते. बिलं फिरली, माल जागचा हललाच नाही. मात्र यातली एकेक खूण सुटी घेतली तर सचोटीच्या धंद्यातही सापडते. नवा व्यवसाय पहिल्याच महिन्यात जोर धरू शकतो, निर्यातदाराकडे क्रेडिट साठतं, गाडीचा नंबर टाकताना एक आकडा चुकतो, टोल नसलेल्या रस्त्यानेही ट्रक जातात. किती खुणा एकत्र आल्या म्हणजे संशय घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे ठरवण्यात या कामाचं सगळं कौशल्य आहे.

महाराष्ट्राला हा धडा जीएसटीच्या आधीच मिळाला होता. 2005 मध्ये राज्यात व्हॅट आला. पुढे ग्राहकनिहाय विक्रीची जे-वन आणि पुरवठादारनिहाय खरेदीची जे-टू ही परिशिष्टं एकमेकांशी ताडता येऊ लागली. एकाने दाखवलेली खरेदी दुसऱ्याच्या विक्रीत दिसत नसेल तर मिसमॅच. यातून आणि चौकशांतून माल न देता नुसती बिलं विकणारे ‘हवाला’ व्यापारी उघडे पडले. विक्रीकर विभागाने त्यांची यादी संकेतस्थळावर लावली. खरेदीवरच्या कराची वजावट, म्हणजे सेट-ऑफ, सरकारी तिजोरीत खरोखर जमा झालेल्या करापुरतीच मिळेल, ही कायद्यातली तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने महालक्ष्मी कॉटन प्रकरणात 2012 मध्ये वैध ठरवली. इथवर खात्याची बाजू भक्कम होती. पण तीच यादी आयकर विभागाकडे गेली आणि यादीतल्या विक्रेत्याकडून दाखवलेली सगळी खरेदी अनेकांच्या उत्पन्नात धरली गेली. 2019 मध्ये मोहम्मद हाजी आदम या कापड व्यापाऱ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळी दिशा दाखवली. विक्री खरी मानली असेल तर मालही कुठून तरी आलाच असणार. तेव्हा पूर्ण खरेदी नव्हे, नफ्यातला फरक तेवढा धरा. बिल खोटं आणि माल खरा, हे दोन्ही एकाच वेळी शक्य असतं. यादीने चौकशी सुरू व्हावी. तिथेच निकाल लागला तर असा अन्याय होतो.

परदेशांतले अनुभव याहून कडू आहेत. नेदरलँड्सच्या करखात्याने बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधताना जोखीम मोजण्यासाठी नागरिकत्वही विचारात घेतलं. हजारो कुटुंबांवर चुकीचे आरोप झाले, आणि जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेत 2023 मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की, कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या 2.9 ते 4.7 पट प्रमाणात होते. तिथलं करखातं विवरणपत्रात वंश विचारतच नाही, तरी हे घडलं. ही गोष्ट उजेडात आली ती संशोधनामुळेच. अमेरिकी खातं निव्वळ नमुना म्हणून काही विवरणपत्रं यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासतं, आणि तोच डेटा अभ्यासकांच्या कामी आला. फक्त संशयितांनाच तपासलं, तर संशयाचा निकष बरोबर होता की नाही हे कधीच कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सगळं सॉफ्टवेअर करतं, ते कंपनीकडून घेता येतं, मग माणसं कशाला? सॉफ्टवेअर घ्यावंच. पण कोणती खूण मोजायची, तिला वजन किती द्यायचं आणि चुकलेली नोटीस कोणत्या निकषामुळे गेली, याचं उत्तर खात्यालाच द्यावं लागतं. दुसरा आक्षेप बदल्यांचा आहे आणि तो वजनदार आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे, आणि त्यामागचा हेतू चांगला आहे: माणूस एका जागी रुजला की हितसंबंधही रुजतात. मात्र विश्लेषणाच्या कामात विश्लेषकाची व्यापाऱ्याशी गाठ पडत नाही. त्याच्याकडून धोका आहे तो माहिती फुटण्याचा, आणि त्यावर इलाज म्हणजे कोणी कोणती नोंद कधी उघडली याचा चोख हिशेब. तीन वर्षांत जेमतेम धंद्याधंद्याची चाल कळू लागते आणि माणूस दुसरीकडे जातो. पार्थसारथी शोम यांच्या कर प्रशासन सुधारणा आयोगाने 2014 मध्येच विश्लेषणासाठी स्वतंत्र केंद्र सुचवलं होतं आणि अधिकाऱ्यांच्या विशेषज्ञतेवर भर दिला होता. तिसरी भीती पाळतीची. ती रास्त आहे, म्हणूनच कशासाठी काय पाहिलं हे लिहून ठेवणारा, जबाबदार धरता येईल असा कायम कर्मचारी हवा.

21,791 हा आकडा मोठा आहे, पण यादीतली किती नावं तपासणीत खरी निघाली आणि का, हे कामाची पारख करताना त्याहून महत्त्वाचं आहे. प्रत्येक पथकाचा शेरा यादी करणाऱ्याच्या टेबलावर परत यायला हवा आणि पुढचा निकष त्यावरून सुधारायला हवा. त्यासाठी एकाच प्रवाहात विश्लेषण आणि क्षेत्रकाम आलटून पालटून करता येईल, बढती मिळेल आणि कौशल्य वाया जाणार नाही, अशी पदरचना लागेल. आज सांख्यिकी शिकलेला मुलगा किंवा मुलगी एमपीएससीतून राज्यकर निरीक्षक होते, तेव्हा ते शिक्षण खात्याच्या कामी येईलच याची हमी नसते. ती हमी दिली तर करबुडव्याला लपायला जागा कमी उरेल आणि नियमाने वागणाऱ्या दुकानदाराला विनाकारण येणारी नोटीसही कमी होईल.