अनुभवाच्या रकान्यातली रेघ

कविता लिहिणाऱ्या माणसाला रोजगार-प्रशिक्षणावर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. गेली सहा वर्षं मी सोलापुरातल्या एका सेवाभावी संस्थेत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जातो. तिथे बायकांना आणि मुलींना शिवणकाम शिकवतात. मला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून माझ्याकडे वेगळं काम आहे. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, एवढं मी शिकवतो.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. पण या गावातल्या हजारो घरांच्या चुली विडीवर पेटल्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. खराब निघालेली विडी बाजूला पडते, तिचे कष्ट वाया. आता या घरांतल्या बायका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांकडे वळू लागल्या आहेत. आमच्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच जणी अशाच.

तुम्ही म्हणाल, शिवण तर घरोघरी असतं, त्यात शिकायचं काय? कारखान्याचं मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. पायाचा दाब जरा जास्त झाला की कापड हातातून पुढे पळतं. त्यामुळे पहिले काही दिवस मशीनला दोराच नसतो. कागदावर रेघा आखलेल्या असतात, त्या रेघेवरून नुसती सुई चालवायची. आधी सरळ रेघ, मग वळणाची, मग चौकोन. भोकं रेघेवर पडली की मग कापड. शिवाय कारखान्यात अख्खा सदरा एकटीनं शिवायचा नसतो. एक कॉलर करते, दुसरी बाही जोडते, तिसरी काजं. एकीचा हात थांबला की मागे ढीग साचतो.

आपल्याकडे आयटीआय आहेत, पण तिथे प्रवेशाला शाळेचा दाखला लागतो. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी १९६७ साली मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. अशा संस्थांचं नाव २००० साली जन शिक्षण संस्थान झालं. पुढे २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत आणखी एक चांगली सोय आली. ज्याला काम आधीच येतं, त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे वर्गात न बसता शिकलेलंही शिक्षणच, हे सरकारी कागदानं मान्य केलं. आमच्यासारख्या छोट्या संस्था या सगळ्याच्या फटीतून उरलेल्यांसाठी असतात.

माझा पहिला तास फसला. मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर अर्धा तास बोललो. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "सर, पगाराच्या चिठ्ठीत पीएफ लिहून पैसे कापतात, ते कुणाला जातात?" मला धड सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी संस्थेतल्या एका निवृत्त कामगार कार्यकर्त्यासमोर वही घेऊन बसलो.

दोन वर्षांपूर्वी पंचेचाळिशीची एक बाई आली. तिच्या घरी तेलुगू, माझ्या घरी दखनी, दोघांची गाठ मराठीत. शिवण उत्तम शिकली. कारखान्याचा अर्ज भरायला बसलो. अनुभवाच्या रकान्यात तिनं सरळ एक रेघ ओढली. मी विचारलं, "अक्का, आजवर काय करत होता?"

"काही नाही सर. विड्या वळत होते."

"रोज किती?"

"हजार."

"कधीपासून?"

"नऊ वर्षांची होते."

रोज हजार वेळा तेच माप आणि तोच दाब, चूक झाली तर आपल्याच मजुरीत तोटा. असा हात कोणत्या कारखान्याला नको असेल? आम्ही ती रेघ खोडून वर नीट सगळं लिहिलं. तिनं विचारलं, "हे लिहिलं तर चालतं?"

पुढे आणखी एक प्रश्न होता : पूर्वी भविष्यनिर्वाह निधीचे सभासद होता का? मी 'नाही' लिहिणार, तेवढ्यात तिनं पिशवीतून एक चिठ्ठी काढली. विडी कारखान्यात सात वर्षं तिचा फंड कापला गेला होता. आमच्या कार्यकर्त्यानं मला तिथेच थांबवलं. या फंडाबरोबर पेन्शन असते, आणि तिला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. मध्ये पैसे काढले नसतील, तर जुनी वर्षं नव्या नोकरीला जोडता येतात. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा आकडी क्रमांक मिळतो, तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. मी 'नाही' लिहिलं असतं तर तिला पुन्हा एकपासून मोजायला लागलं असतं. आता तीनच वर्षं हवी होती.

काम सोपं नव्हतं. जुन्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. चार महिने खेटे घातले. पण ती सात वर्षं जोडली गेली.

त्या दिवशी घरी आलो आणि झोप लागली नाही. माझी अम्मी विड्या वळायची. तिच्या विड्यांवर माझं बी.ए. झालं. कॉलेजच्या अर्जात आईच्या व्यवसायापुढे मी 'घरकाम' लिहिलं होतं. घरात बसून केलेलं काम ते घरकाम, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे मला लाज वाटली होती. अम्मीचा कधी फंड कापला गेला का, तिच्याजवळ अशी चिठ्ठी होती का, हे मी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही.

लोक म्हणतात, तुम्ही वेळ काढून सेवा करता. मला संकोच वाटतो. या बायकांनी मला जे वाचायला शिकवलं, ते कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. शब्द हा माझा धंदा, आणि माझ्याच घरातल्या कामाला मला शब्द सापडला नव्हता. तो त्या अक्काच्या अर्जात सापडला. त्याचं देणं आठवड्याच्या दोन संध्याकाळींनी फिटणारं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी विडी कारखान्यात, गिरणीत काम केलं असेल, तर जुन्या चिठ्ठ्या फेकू देऊ नका. आणि संध्याकाळचा एखादा तास मोकळा असेल, तर जवळच्या अशा वर्गात जाऊन बसा. फार काही यावं लागत नाही.

मी आता अर्ज आधी पुढे करत नाही. नवी बाई आली की विचारतो, "अक्का, लहानपणापासून काय काय केलंत?" ती बोलू लागते. मग मी पेन उघडतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)