पडद्यापुढची पंगत

चित्रपट-मंडळ म्हणजे चित्रपटगृह नव्हे. चित्रपटगृहात तिकीट काढणारा गिऱ्हाईक असतो. मंडळात वर्गणी भरणारा सभासद असतो. गिऱ्हाइकाला काय दाखवावयाचे ते दुसरा ठरवितो. सभासद ते स्वतः ठरवितो आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलतोही. 1947 साली कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी अशी सोसायटी काढली. 1959 साली देशातील मंडळांचा महासंघ झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघाले. ही चळवळ मुख्यतः शहरांत वाढली. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ती रुजवावयाची, तर तिला आपल्या मातीतील एक जोड द्यावी लागेल. आमच्या मते ती जोड पंगतीची आहे.

एक चित्रपट, आणि त्याच्या विषयाशी नाते सांगणारे जेवण, अशी ही संध्याकाळ. नाते ओढूनताणून आणू नये. जेवणाने चित्रपटातील प्रश्न आपल्या ताटात आणला पाहिजे.

उदाहरणार्थ, चार्ली चॅप्लिनचा 1936 सालचा ‘मॉडर्न टाइम्स’ घ्या. संवाद जवळजवळ नाहीतच; त्यामुळे मराठी, कानडी, दखनी वा लमाणी बोलणारा, सर्वांना तो सारखाच कळतो. त्यात एक प्रसंग आहे. कामगाराला भरविणारे यंत्र घेऊन विक्रेते कारखान्यात येतात. जेवणाची सुटीच नको, हात कामावर राहावेत आणि तोंडात घास यंत्राने घालावा, ही त्यांची योजना. प्रयोगासाठी चार्लीला यंत्रात अडकवितात. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस त्याच्या तोंडावर गरगर फिरू लागते, आणि प्रेक्षक हसून लोळतात. अखेर मालक यंत्र नाकारतो. का नाकारतो, हे मात्र नीट पाहावे. ते क्रूर आहे म्हणून नव्हे. व्यवहारात चालणार नाही म्हणून. चालले असते तर त्याने ते घेतले असते!

या चित्रपटापूर्वी, 1931 साली, चॅप्लिन लंडनमध्ये गांधीजींना भेटले होते आणि बोलणे यंत्रांवरच झाले होते. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरविली. तो अर्धा तास कामगारांनी लढून मिळविलेला आहे. पण कायदा कारखान्यापुरता होता; उसाच्या फडात आणि शेताच्या बांधावर तो पोचला नाही. तेथे तर यंत्राचीही गरज पडत नाही. टनावर मजुरी असली, गुत्त्याने सोयाबीन काढावयाचे असले, की सुटी कोणी नाकारावी लागत नाही. माणूस स्वतःच उभ्याउभ्या भाकरी गिळतो आणि पुन्हा कोयता उचलतो. भरविणारे यंत्र त्याच्या पोटातच बसविलेले असते.

म्हणून या चित्रपटानंतरचे जेवण बांधावरच्या शिदोरीचेच असावे : ज्वारीची भाकरी, झुणका, शेंगाचटणी, कांदा, आणि हंगाम असेल तर उकडलेले कणीस. फरक एकच, की ते मांडी घालून, पुरता अर्धा तास घेऊन खावयाचे. चित्रपट संपला की लोक धोतर झटकून उठतात आणि चर्चा तेथेच मरते. पुढ्यात पान असले की माणूस बसतो, आणि बसलेला माणूस बोलतो.

या पंगतीला आपल्याकडे पूर्वपरंपराही आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या प्रसादाचे सत्यनारायण घडवून आणले. अस्पृश्य मानलेले दांपत्य पूजेला बसे आणि सर्व जातींची माणसे तो प्रसाद घेत. तेव्हा पंगतीत पान कोणाशेजारी मांडले जाते, हाही त्या संध्याकाळचा विषयच समजावा. वस्तीवार पंगती पडल्या, तर चित्रपट दाखविला काय नि न दाखविला काय!

चुलीचेही तसेच. बायका धुरात आणि पुरुष पडद्यापुढे अशी वाटणी झाली, तर चार्लीला हसण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही. भाकऱ्या घरोघरच्या आल्या तरी त्या बायकांनीच थापलेल्या असतात. म्हणून निदान झुणका पुरुषांनी करावा, आणि तो खेळ सुरू होण्यापूर्वी उतरावा.

खर्चाची धास्ती नको. श्याम बेनेगल यांचा 1976 सालचा ‘मंथन’ गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. दोन-दोन रुपयांत चित्रपट निघू शकतो, तर तो दाखविणे अवघड नाही. आपल्या कायद्याने चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे चालतो. हक्क शिल्लक असल्यास लेखी परवानगी घ्यावी. अंधार पडताच आरंभ करावा. दीड तास चित्रपट, अर्धा तास पंगत, अर्धा तास चर्चा. दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद. पहाटे कामावर जाणाऱ्याची झोप मोडून केलेले प्रबोधन कोणाच्या उपयोगाचे?

चर्चेत भाषण कोणी करू नये. एकच प्रश्न ठेवावा : आज दुपारी तुम्ही जेवलात तेव्हा बसला होता काय? उत्तरे ऐकावीत आणि लिहून घ्यावीत. पुढच्या मागणीपत्रकाचे पहिले कलम त्यातूनच मिळेल.