निर्माता निघून गेल्यावर : नोंदीविना राहिलेल्या संगणकीय कार्यप्रणालीचे पुनरुज्जीवन

प्रस्तावना :
रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडचा किल्ला उभा आहे. तट, बुरूज, दरवाजा हे सर्व पाहता येते; परंतु तो नेमका कोणी व केव्हा बांधला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वास्तू टिकली, तिच्यामागील विचाराची नोंद टिकली नाही. महाविद्यालयीन कार्यालयातील संगणकीय कामकाजाचीही अशीच अवस्था आढळते. अंतर्गत गुणांचे तक्ते किंवा शिष्यवृत्तीच्या याद्या एखाद्या जाणकार कर्मचाऱ्याने लिहिलेल्या एक्सेल मॅक्रोद्वारे वर्षानुवर्षे तयार होतात. तो कर्मचारी निघून जातो आणि ऐन परीक्षेच्या काळात काम थांबते. अशी प्रणाली पुन्हा कार्यान्वित कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, संगणकीय प्रोग्रॅम म्हणजे केवळ लिहिलेल्या आज्ञा नव्हेत. तो लिहिणाऱ्याच्या मनातील आकलन होय. आज्ञा ‘काय करावे’ हे सांगतात, ‘का करावे’ हे बहुधा सांगत नाहीत. निर्माता गेला की हे ‘का’ त्याच्याबरोबर जाते.

हा प्रश्न केवळ लहान संस्थांपुरता मर्यादित नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात बेरोजगारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना मदतीचे जाहीर आवाहन करावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे माहिती मावत नसल्याने १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर होऊ शकली नाही. फाईलची ती मर्यादा कोणापासून लपलेली नव्हती. काम करताना मात्र ती कोणाच्या ध्यानात नव्हती.

पुनरुज्जीवनाच्या पायऱ्या :
१) प्रथम मूळ फाईलची प्रत वेगळी ठेवावी व सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.
२) कोणती माहिती कोठून येते, कोणत्या क्रमाने जाते व अंतिम तक्ता कोणाकडे पोहोचतो, याचा आराखडा कागदावर काढावा. संबंधित लिपिकास केवळ विचारू नये; त्यांना काम प्रत्यक्ष करण्यास सांगून शेजारी बसून पाहावे. सवयीने केलेल्या अनेक कृती सांगताना सुटतात.
३) मागील वर्षाची मूळ माहिती व त्यावरून निघालेला तक्ता ही जोडी शोधावी. तीच माहिती पुन्हा देऊन आलेला तक्ता जुन्याशी ओळीओळीने ताडून पाहावा. मायकेल फेदर्स यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात अशा चाचण्यांवर भर दिला आहे. प्रणाली कशी असावी हे ठरवण्यापूर्वी ती आज कशी वागते, हे निश्चित करावे लागते.
४) बिघाडाची कारणे एकेक करून तपासावीत. फोल्डरचे बदललेले नाव, गेलेल्या व्यक्तीच्या नावे असलेला पासवर्ड, ३२ बिटऐवजी ६४ बिटचे ऑफिस, तसेच इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो रोखण्याचा २०२२ पासूनचा मायक्रोसॉफ्टचा नियम ही नेहमीची कारणे होत.
५) दुरुस्तीनंतर किमान एक सत्र हाताने केलेले काम व मॅक्रो समांतर चालवावेत.

एक अनुभव :
प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात असा मॅक्रो दुरुस्त करताना त्यात एक विचित्र अट आढळली : ९ या अंकाने सुरू होणारे परीक्षा क्रमांक वगळावेत. वरवर पाहता ती चूक वाटली व ती काढून टाकण्याचे जवळजवळ ठरले होते. तथापि जुनी गुणनोंदवही चाळल्यावर उलगडा झाला. ते क्रमांक पुनर्परीक्षार्थींचे असून त्यांचे अंतर्गत गुण आधीच्या वर्षातून कायम ठेवले जात. अट काढली असती, तर त्या विद्यार्थ्यांच्या मिळवलेल्या गुणांच्या जागी शून्य उमटले असते आणि निकाल लागेपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आले नसते. म्हणून ज्या अटीचे कारण कळले नाही, ती निरर्थक समजू नये.

हस्तांतरणाचा प्रश्न :
कार्यालयात लिपिकाची बदली झाली की कार्यभार रीतसर सोपवला जातो. कपाटाच्या किल्ल्या, रोकडवही, डेड स्टॉक रजिस्टर यांवर दोघांच्या सह्या होतात. त्या रजिस्टरमध्ये संगणकाचा क्रमांक असतो. त्या संगणकात चालणाऱ्या प्रोग्रॅमचा उल्लेख मात्र कोठेही नसतो. असे प्रोग्रॅम पुष्कळदा कंत्राटी वा तासिका तत्त्वावरील तरुणांनी, नेमून दिलेल्या कामाबाहेर, सद्भावनेने लिहिलेले असतात. नेमणूक संपल्यावर त्यांना दोष देणे न्याय्य नाही, कारण टिपण लिहिण्यासाठी वेळ किंवा मोबदला त्यांना कोणी दिलेलाच नसतो. पुढे त्यांच्याकडे विचारणा करायची झाल्यास ती विनंती म्हणून व योग्य मानधनासह करावी.

निष्कर्ष :
बंद पडलेली प्रणाली पुन्हा चालू करणे हे तांत्रिक कामापेक्षा अधिक अंशी शोधकार्य आहे. जुने तक्ते, नोंदवह्या व काम करणारी माणसे ही त्याची साधने होत. प्रणाली चालू झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. माहिती कोठून येते, कोणत्या अटी आहेत व त्या का आहेत, हे एका पानावर लिहून ते पान कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत समाविष्ट केले पाहिजे. पुनर्परीक्षार्थींविषयीची ती एक ओळ आता त्या महाविद्यालयाच्या यादीत आहे.